पश्चात्ताप राजकीय विचार

चूक माझीच होती. मोबाइलची होती असं मी पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत फिरलो. पण मोबाइलनं फक्त सुचवलं होतं, बोट माझं होतं.

नजीर सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी वाशीमला एक छोटेखानी सत्कार ठरवला. कोणी हॉलचं पाहिलं, कोणी जेवणाचं, कोणी शाल-श्रीफळाचं. माझ्याकडे बोलणं आलं. आमच्या गणगोतात माईक दिसला की माझ्याकडे पाहायची पद्धत आहे. बोलणारच आहे तर लिहीलही, म्हणून फ्लेक्सचा मजकूरही माझ्याचकडे आला. माझं कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो. गिऱ्हाईक करता करता एका हातानं मी तो मजकूर टाइप केला. 'पाश्चात्त्य राजकीय विचारांचे गाढे अभ्यासक' असं लिहायचं होतं. मी 'पश्चा' एवढं लिहिलं, फोननं अख्खा शब्द पुढे केला, मी तो घेतला, समोरच्याला तणनाशकाची बाटली दिली आणि मजकूर फ्लेक्सवाल्याकडे रवाना केला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या दारावर वीस फुटी फ्लेक्स. सरांचा हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'पश्चात्ताप राजकीय विचारांचे गाढे अभ्यासक प्रा. शेख नजीर सर'.

माझी बायको सुनंदा दाराशीच थबकली. "हे तुमी वाचलं होतं?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, हो.

"डोये उघडे ठेवून?"

तेवढ्यात सर ऑटोतून उतरले. ज्या माणसानं आयुष्यभर दुकानांच्या पाट्यासुद्धा लाल पेन हातात धरल्यासारख्या वाचल्या, तो फ्लेक्ससमोर उभा राहिला. खिशातलं पेन त्यांनी अर्धं बाहेर काढलं आणि परत ठेवलं. मी जीभ चावून उभा. सर हळूच म्हणाले, "राहू दे दिगंबर. माह्या विषयाचं नाव पयल्यांदा कोणी बरोबर लिवलं."

मला वाटलं, शिष्याची लाज राखून राह्यले. ते तसं नव्हतं, हे कळायला मला आठ दिवस लागले.

सर आता नाहीत. यंदाच्या पावसाळ्यात गेले. म्हणूनच हे लिहायचं धाडस होतंय. ते असते तर पहिलंच वाक्य कापलं असतं.

त्यांचं घराणं पिंजाऱ्यांचं. वाशीमच्या जुन्या वस्तीत त्यांचे अब्बा गाद्या-रजया भरून द्यायचे. सरांचं सगळं राज्यशास्त्र अब्बांच्या त्या पिंजणीतून निघालेलं होतं. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, की लोक म्हणतात नवी गादी केली, पण नवं फक्त कव्हर असतं. आतला कापूस आज्याच्या गादीतला, उकलून, पिंजून पुन्हा भरलेला. आपल्या राजकारणाचंही तसंच आहे. हक्क, लोकशाही, कायद्याचं राज्य हे सगळं कव्हर. आत कोणता कापूस आहे? "खोलून पाहा." हे त्यांचं पालुपद. ते आमच्यात इतकं मुरलं की कॉलेजच्या मुतारीच्या दारावरही कोणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं: खोलून पाहा.

आमच्या पेपरात आधी ग्रीक लोक होते आणि मग दीडेक हजार वर्षं ओलांडून एकदम युरोपचे राजे यायचे. मधल्या काळातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती विचारवंतांना गाइडमध्ये अर्धं पान. टीप लिहा, गुण पाच. बाकीचे प्राध्यापक म्हणायचे, हे ऑप्शनला टाका. नजीर सर मात्र त्या अर्ध्या पानावर दिवाळीपर्यंत बसून राहायचे. कापूस तिथला आहे, असं त्यांचं म्हणणं. दीड हजार वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत होऊन गेलेला एक बिशप त्यांचा विशेष लाडका. त्याचं नाव ते फक्त परीक्षेच्या आधी एकदा फळ्यावर लिहायचे. एरवी 'आपले बिशपबाबा'. जणू बिशपबाबांची जवळच्याच मेडशीला पिठाची गिरणी होती आणि सर काल तिथून दळण घेऊन आले होते.

त्यामुळे पिंजाऱ्याच्या घरचा, पाच वेळा नमाज पढणारा हा माणूस सगळ्या वाशीमात 'पादरी सर' म्हणून ओळखला जायचा. आमच्या वर्गातल्या एका शहाण्यानं विचारलंच, की सर, तुमी मुसलमान, अन् ख्रिस्ती लोकांचं काहून शिकवता? सर खडू झटकत म्हणाले, "मलेरियाचा डॉक्टर मच्छर असते काय बे?"

तो शहाणा मीच होतो, हे सांगायला हरकत नाही.

दिसायला सर साधे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात लाल पेन, हातात ॲल्युमिनियमचा डबा. त्यात पोळी-भाजी नसे, खडू असत. चहा अर्धाच घ्यायचे, तासाभरानं उरलेला अर्धा मागवायचे. रागावणं माहीतच नव्हतं, एक गोष्ट सोडून. 'पाश्चात्त्य' शब्दात कोणी एक त खाल्ला की ते कासावीस व्हायचे. "दोन त हायेत लेकहो. तुमी एक खाल्ला त अख्खी पश्चिम उपाशी मरते." आणि आमच्या वर्गात तो त खाणारे नव्वद टक्के. उरलेल्या दहांना तो शब्दच येत नव्हता.

त्यांची मोठी वाक्यं मला लक्षात नाहीत. प्रसंग आहेत.

एकदा आमच्या शेलूबाजारच्या बाजूच्या खेड्यात मतदान होतं. सर तिथं केंद्राध्यक्ष होऊन आले आणि मी एका पक्षाचा पोलिंग एजंट. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण मधल्या फाटाफुटींनंतर पक्षालाही ते नक्की आठवत नाही. एक म्हातारी काठी टेकत आली. धडधाकट, नजर चांगली. तिच्यामागून तिचा मुलगाही पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिरायला लागला. म्हणे, माय अडाणी हाय, बटन चुकन. सर खुर्चीतून उठले आणि आडव्या हातानं त्याला थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "आत एकटं. तू नाई, मी नाई, सरकार बी नाई." पोरगा गावातला वजनदार, मी त्याच्याच पक्षाचा, आणि मी सरांकडे असं पाहिलं की जाऊ द्या ना सर. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या यादीत तोंड घातलं. म्हातारी आत गेली. खूप वेळ लावला. बाहेर आली ती पोराकडे न पाहता.

दुपारी गर्दी ओसरल्यावर सरांनी मला अर्धा चहा पाजला आणि तो पुठ्ठ्याचा आडोसा दाखवला. म्हणाले, हा पुठ्ठा कुठून आला माहीत हाय? मी म्हणालो, तहसीलमधून. सर हसले. मग त्यांनी सांगितलं, की रोमच्या बादशहाच्या मूर्तीपुढं चिमूटभर धूप टाका, एवढंच सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना सांगितलं होतं. चिमूटभर. त्यांनी टाकला नाही. कर देतो म्हणाले, कायदा पाळतो म्हणाले, पण आतली जागा बादशहाची नाही. त्यापायी मेले. मग ती आतली जागा शेकडो वर्षं इकडून तिकडं फिरत, भांडत, कधी स्वतःच दुसऱ्यांना छळत, शेवटी इथवर आली, या पुठ्ठ्यामागे. राजानं डोकावायचं नाही, अशी एक हात रुंद जागा.

मी तेव्हापासून मतदानाला गेलो की पुठ्ठ्याला हळूच हात लावतो. एकदा तिथल्या बाईनं विचारलंही, काही अडचण हाय काय?

सर बिशपबाबांचे भक्त असले तरी आंधळे नव्हते. याच बाबानं पुढं वेगळ्या मताच्या लोकांना जबरदस्तीनं वळवायला होकार दिला, हेही तेच सांगायचे. "कापसात सरकी राह्यतेच. निवडून घ्या." आणि पुढं हेही, की म्हातारपणी मात्र बाबा आपली सगळी पुस्तकं काढून बसला होता. सत्तरी उलटल्यावर. कुठं कुठं चुकलो ते एकेक लिहून काढलं. हे सांगताना सर खिडकीबाहेर पाहायचे. आम्हाला वाटायचं तास संपत आला.

आता ते उदाहरण. सर जिल्हाभर प्रसिद्ध झाले ते त्यावर. बिशपबाबांचं म्हणणं असं, की जगात दोन नगरं आहेत, एक देवाच्या प्रेमावर उभं, एक स्वतःच्या. पण ती नकाशावर वेगळी दाखवता येत नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत एकमेकांत मिसळलेली राहतात. आमच्या डोक्यावरून हे जायचं. मग सर खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, आपलं वावर पाहा. सहा तास, म्हणजे सहा ओळी सोयाबीन, दोन तास तूर. जमीन एक, पाऊस एक. कोणत्या तासानं किती पाणी पिलं हे कोणाले दिसत नाही. सोयाबीन दसऱ्याला निघून जाते. तूर संक्रांतीपर्यंत उभी राहते. आणि सोयाबीन सोंगताना विळा जपून चालवा लागतो, नाहीतर तूरही कापली जाते. राज्य म्हणजे काय? राज्य म्हणजे धुरा. वावराचा बांध. "धुऱ्यानं वावर राखावं. आतलं पीक निवडू नाई. कोण चांगला, कोण पापी, हे ठरवायचं काम धुऱ्याचं नोहे."

वर्गात चुळबूळ थांबायची. शेतकऱ्यांची पोरं आम्ही. दीड हजार वर्षांपूर्वीचा बिशप एकदम आमच्या धुऱ्यावर येऊन बसायचा. पुढे मी दुकानात तुरीचं बियाणं विकताना हे उदाहरण कितीदा सांगितलं असेल. धर्मशास्त्राच्या आधारे तूर विकणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन.

तर, सत्कार. मी सूत्रसंचालन केलं. सुरुवातीला वातावरण मोकळं करायला माझा ठरलेला किस्सा सांगितला. मी एकदा एसटीनं मेडशीला चाललो होतो, मांडीवर बकरी. बकरीनं माझं तिकीट खाल्लं. तिकीट तपासणारा चढला. तो म्हणाला, तुमचं तिकीट दाखवा अन् बकरीचंही काढा. मी म्हणालो, साहेब, तिकीट तिच्याजवळच हाय, माह्यंच नाही. हॉल हसला. सर पोट धरून हसले. पहिल्या रांगेत सुनंदा तेवढी हसली नाही. मला वाटलं, शंभरदा ऐकलाय म्हणून.

मग धुऱ्याचं ते उदाहरण मी सर्वांना पुन्हा सांगितलं आणि म्हणालो, की असं उदाहरण सुचायला सरांसारखी प्रतिभा लागते. टाळ्या पडल्या. सर हसायचे थांबले.

त्यांचं भाषण फार छोटं झालं. ते म्हणाले, एका बादशहाच्या हुकमानं एका शहरात हजारो माणसं मारली गेली. तेव्हा एका बिशपानं त्याला बजावलं की आधी पश्चात्ताप, मग प्रार्थना. आणि जगाचा तो मालक राजवस्त्रं उतरवून लोकांत मान खाली घालून उभा राहिला. तेव्हापासून हे पिंजून पिंजून आपल्यापर्यंत आलं, की सत्तेवरचा माणूस चुकू शकते आणि चुकला तर त्यालाही झुकावं लागते. आपण आता त्याला जबाबदारी म्हणतो, उत्तर देणं म्हणतो. कव्हर नवं. "आत पश्चात्तापच हाय. दिगंबरनं बरोबर लिवलं." एवढं बोलून बसले. फ्लेक्स उतरवू नका म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळी सर दुकानात. हातात जुनी कापडी फाइल. "लेका, रिठदले जायचं हाय. येतं काय?"

मी शटर ओढलं आणि दुकानाची व्हॅन काढली. तीत कायम कीटकनाशकाचा वास असतो. सरांनी काच खाली केली. रिसोडच्या रस्त्याला लागल्यावर फाइल उघडून मला न दाखवताच त्यातल्या कागदाविषयी सांगितलं. उत्तरपत्रिका होती. तीस वर्षांपूर्वीच्या सहामाहीची. वंदना नावाची मुलगी, रिठदहून बसनं यायची, शेवटच्या बाकावर बसायची, कधी बोलायची नाही. दोन नगरांवरच्या प्रश्नाला तिनं सोयाबीन-तूर लिहिली होती. धुरा लिहिला होता. सगळं.

"सगळं म्हंजे?" मी विचारलं.

"सगळं म्हंजे सगळं. माह्यं त्यात काईच नाई."

सरांना तेव्हा वाटलं, खेड्यातल्या पोरीला हे सुचणारच नाही. कोणत्या तरी गाइडातून उतरवलंय. त्यांनी तिला वर्गात उभं केलं, उत्तर वाचून दाखवलं, हे तुझ्या डोक्यातलं नाही म्हणाले आणि पानावर लाल पेनानं आडवं 'कॉपी' लिहिलं. वर्ग हसला. मग घरी येऊन त्यांनी बाजारातली एकूण एक गाइडं खोलून पाहिली. कशातच नव्हतं. तोवर ती यायची बंद झाली होती.

"गाव माहीत होतं. पंचवीस किलोमीटर. बस हाय, जीप हाय," सर म्हणाले. "मी नाई गेलो. अन् पुढच्या सालापासून तेच शिकवलं. माह्यं म्हणून. दरसाल शिकवायच्या आधी हा कागद काढून वाचत जाय." मग म्हणाले, "त्या दिशी तू प्रतिभा म्हणला. मले वाटलं, आता कोणी उठून हासन."

मला वाटलं होतं, ते वाक्य माझं त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं वाक्य होतं.

गावात विचारलं तर ती वावरात होती. वडिलांना ती एकटीच. शेत तिच्याकडेच आलेलं. म्हणजे उदाहरणातलं वावर ते हेच. सोयाबीन केव्हाच निघून गेलेली, आणि तूर अर्धी सोंगून झालेली. पन्नाशीची बाई धुऱ्यावर बसून भाकर खात होती. आम्हाला येताना पाहून उठली, डोक्यावरचा पदर नीट केला. सरांनी धुऱ्याशी चपला काढल्या. मी विचारणार होतो की ओळखता काय, त्याआधीच ती म्हणाली, "पादरी सर."

सरांना पुढे काय बोलायचं ते गाडीत पाठ केलेलं असावं. ते विसरले. फाइल पुढे करत म्हणाले, "वंदनाबाई, तुमचा पेपर द्यायचा राह्यला होता. खोलून पाहा."

तिनं हात लुगड्याला पुसले. उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचली. लाल 'कॉपी'वरून बोट फिरवलं. "अक्षर चांगलं होतं तवा माह्यं," म्हणाली.

मग सरांनी सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. गाइडांचं सांगितलं, न आल्याचं सांगितलं, निवृत्तीपर्यंत दरसाल स्वतःचं म्हणून शिकवल्याचं सांगितलं. "मले माफी पायजे," म्हणाले.

ती कागदाकडेच पाहत होती. मग विचारलं, "मंग पोराइले समजलं काय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माईकशिवायही तासभर बोलणारा मी, नुसती होकाराची मान हलवली.

"हे माह्यं नोहतंच सर," ती म्हणाली. "तुमचं वर्गातलं मी घरी येऊन सांगत जाय. दोन नगरं एकात एक. बाबा म्हणे, त्यात काय मोठं, आपल्या वावरावानी. धुऱ्याचं तोच बोलला. म्हंजे कॉपीच झाली म्हना ना." आणि ती हसली.

सर हसले नाहीत. "बापाचं घेतलं त कॉपी नाई होत. तो वारसा. पन नाव सांगा लागते. मी विचारलं असतं त तुमी सांगतलं असतं. मी विचारलंच नाई."

"नाई विचारलं," ती म्हणाली. आता तीही हसत नव्हती. "दुसऱ्या दिशी बाबानं डबा भरून ठेवला. बस आली, गेली. मी उठलीच नाई. बाबा बी काई नाई बोलला. तो डबा मंग आमी दोघानं इथंच खाल्ला." तिनं धुऱ्याची जागा दाखवली; आत्ता तिची भाकर ठेवलेली होती तीच. "राग होता सर. लई वर्सं होता. आता किती उरला ते मले बी नाई मालूम."

वारा नव्हता. वाळलेल्या शेंगा तरी मधूनच वाजत होत्या. पंचाहत्तर वर्षांचा माणूस अनवाणी, मान खाली घालून उभा.

तिनंच कागद परत पुढे केला. "सर, कॉपी नसती लिवली त किती भेटले असते?"

सरांनी खिशातून लाल पेन काढलं. गुडघ्यावर कागद ठेवायला ते तिच्याच शेजारी धुऱ्यावर बसले. आधी 'कॉपी' खोडलं, एकदा, मग पुन्हा एकदा. मग पूर्ण उत्तर पहिल्यापासून वाचलं, जसं काही पहिल्यांदाच वाचत होते. समासात लिहिलं: दहापैकी नऊ. खाली सही, आणि आजची तारीख.

ती वाकून पाहत होती. "एक काहून कापला?"

"पाश्चात्त्यले दोन त असतात पोरी. तू एकच लावला." माझ्याकडे बोट करून म्हणाले, "यानं दोन लावले, पन भलत्याच शब्दाले."

आता ती मोठ्यानं हसली, आणि 'तुमी'चं 'तू' झाल्याचं तिलाही कळलं असावं, कारण तिनं भाकरीचा अर्धा तुकडा मोडून सरांच्या हातावर ठेवला. सरांनी तो खाल्ला. अर्धा चहा घेणाऱ्या माणसाला अर्धी भाकर बरोबर पुरली.

निघताना तिनं धुऱ्यालगतच्या, मागाहून धरलेल्या तुरीच्या ओल्या शेंगा ओरबाडून माझ्या पिशवीत भरल्या. सरांना म्हणाली, की पुन्हा कोणाला सांगाल तर माझं नाव नका सांगू, बाबाचं सांगजा. सखाराम. सरांनी व्हॅनमध्ये बसताना ते नाव दोनदा हळू म्हटलं, उद्या फळ्यावर लिहायचं असल्यासारखं. म्हणून इथं लिहून ठेवतो. ते वावराचं उदाहरण रिठदच्या सखारामजींचं आहे.

वाशीमला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. सरांनी गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवायला सांगितली. त्यानंतरही ते भेटले, दुकानात येऊन बसले, पण मला आठवतात ते त्या संध्याकाळचे. पाठमोरे, पांढरा शर्ट, चपलेला वावराची माती. फाइल कागदासकट तिथंच राहिली होती. तीस वर्षं ती ज्या हातात होती त्या हाताचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. आधी खिशात घातला, मग बाहेर काढला, मग पाठीमागं धरला. कोपऱ्यावर एका दुकानाची पाटी वाचायला थांबले. पेन काढलं नाही. वळले.

घरी मी सगळं सुनंदाला सांगितलं. ती शेंगा सोलत बसली होती. मी सांगायला लागलो की जसं सांगतो तसंच सांगितलं, आवाज काढून, हातवारे करून, सखारामजींच्या जागी जरा थांबून. बापाचं घेतलं तर नाव सांगावं लागतं, हे वाक्य तर मी दोनदा म्हटलं. तिचे हात थांबलेले मला दिसले. म्हटलं, पोचलं.

सुनंदानं सोललेले दाणे बाजूला केले. "बकरीनं तिकीट खाल्लं होतं ते माह्या बाबाचं," ती म्हणाली. "तुमी तवा त्या बसमदी नोहते. आपलं लगन बी नोहतं झालं."

मोबाइलवर ढकलता येण्यासारखं यात काही नव्हतं.

"बाबा हायेत अजून," ती म्हणाली. "उद्या मेडशीले जाऊन या. व्हॅन नका काढू, बसनंच जा. अन् तिकीट सांभाळजा."